वेळ पाळणे मुलांना कसे शिकवावे? एका पालक-शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या आणि घरी दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, सातवीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी यांना वेळेचे महत्त्व कसे पटवून द्यावे. मुलाची शाळा सकाळच्या सत्रात सात वाजता भरते आणि व्हॅन ६:३५ ला दारात येते. रोज घरात आरडाओरडा होतो, व्हॅनचे काका खाली हॉर्न वाजवत राहतात आणि दैनंदिनीत उशिराचे शेरे साचत चालले आहेत. क्लासची मुलेही पाचच्या तासाला सव्वापाचपर्यंत येत राहतात, तेव्हा त्यांच्याकडून दंड घ्यावा का, असाही त्यांचा प्रश्न आहे. नाशिकमधल्या शाळांत मी दीर्घकाळ शिकवले, पुढे मुख्याध्यापक म्हणून काम केले आणि आता शिक्षक-पालकांच्या कार्यशाळा घेतो. त्या आधारावर सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. आपल्या मुलाला वेळेचे महत्त्व ठाऊक आहे. त्याला ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर निबंध लिहायला सांगा, तो दीड पान सहज लिहून देईल आणि त्यातले प्रत्येक वाक्य खरे असेल. परिपाठाच्या वेळी फळ्यावर लिहिलेले सुविचार त्याने शेकड्यांनी वाचलेले आहेत. त्याला जे येत नाही ते वेगळेच आहे. एखाद्या कामाला खरोखर किती वेळ लागतो याचा अंदाज त्याला नाही, ठरलेल्या वेळेपासून मागे मोजत जाऊन कधी सुरुवात करायची हे त्याला काढता येत नाही, आणि सकाळची तयारी आदल्या रात्री करायची असते हे त्याच्या अंगवळणी पडलेले नाही. पोहणे जसे काठावरून सांगून येत नाही, पाण्यात उतरवून शिकवावे लागते, तसेच या तीन गोष्टींचे आहे. बहुतेक घरांत आणि शाळांत आपण काठावरूनच बोलत राहतो, आणि मूल शिकले नाही की त्याला आळशी, बेजबाबदार अशी विशेषणे लावतो. ही विशेषणे मुलाला लवकर चिकटतात आणि पुढे ती निघता निघत नाहीत, म्हणून माझी पहिली विनंती आहे की ती आजपासूनच बंद करावीत.

दुसरीतल्या मुलीविषयी आधी लिहितो, कारण तिच्याबाबत फारसे करायचे नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी लहान मुलांच्या काळाच्या कल्पनेचा अभ्यास करताना दाखवून दिले होते की, दोन खेळणी एकाच क्षणी सोडून एकाच क्षणी थांबवली, तरी जे खेळणे लांब गेले त्याला जास्त वेळ लागला, असे लहान मुले सांगतात. अंतर, वेग आणि कालावधी त्यांच्या मनात अजून वेगळे झालेले नसतात. सहा-सात वर्षांच्या मुलीला ‘पाच मिनिटांत आवर’ म्हटले तर त्या पाच मिनिटांना तिच्या लेखी आकारच नसतो. तिला मिनिटे सांगू नयेत, क्रम सांगावा: दात, अंघोळ, वेणी, दूध, बूट. हा क्रम रोज तोच ठेवावा आणि भिंतीवर काट्यांचे घड्याळ लावावे. मोठा काटा सहावर आला की बूट घालायला बसायचे, हे तिला डोळ्यांनी दिसते. आकड्यांच्या घड्याळात किती वाजले एवढेच कळते, किती उरले ते दिसत नाही. तिचे एवढ्यावर भागेल.

मुलाकडे वळतो, कारण खरा विषय तिथे आहे.

मी पाचवी ते आठवीच्या वर्गांत एक छोटी वही वापरत असे. मुले तिला अंदाजवही म्हणत. पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात काम, दुसऱ्यात आपला अंदाज आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष लागलेली मिनिटे. अट एकच असे, की अंदाज काम सुरू करण्यापूर्वी पेनाने लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही. सुरुवात वर्गातच करीत असू: फळ्यावरचा उतारा उतरवून घेणे, नकाशात नद्या भरणे, मैदानाला एक फेरी मारणे. त्यानंतर वही घरी जाई.

देवळाली कॅम्पहून येणाऱ्या एका मुलाचे पान मला चांगले आठवते. उठल्यापासून दाराबाहेर पडेपर्यंत २० मिनिटे, असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात ४७ मिनिटे लागली होती. त्याला मी ओरडलो नाही, फक्त ती ४७ मिनिटे फोडून आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याने आणलेला हिशोब असा होता: अंघोळ ९, गणवेश ५, नाश्ता ८. ही झाली २२. उरलेल्या २५ मिनिटांत चार-पाच मिनिटे बिछान्याच्या काठावर बसून गेलेली होती. बाकी सगळा वेळ मोज्याचा दुसरा पाय शोधणे, ओळखपत्र, चित्रकलेची वही, बाटलीत पाणी भरणे आणि सहलीच्या पत्रावर आईची सही घेणे यांत गेला होता. त्या सगळ्या कामांत सकाळीच करावे असे एकही काम नव्हते. हे मी त्याला सांगण्यापूर्वी त्यानेच वहीत त्या ओळींना लाल पेनाने चौकट केली होती आणि बाजूला ‘रात्री’ असे लिहिले होते. वेळेविषयीच्या माझ्या कोणत्याही भाषणाने जे झाले नसते ते त्या चौकटीने झाले, कारण तो निष्कर्ष त्याचा स्वतःचा होता.

अंदाज चुकणे ही केवळ मुलांची गोष्ट नव्हे, हेही मुलाला मोकळेपणाने सांगावे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. माणूस एखाद्या कामाचा अंदाज करतो तेव्हा सगळे सुरळीत पार पडेल असे चित्र डोळ्यांसमोर आणतो आणि मागच्या खेपेला प्रत्यक्ष काय झाले होते ते विचारातच घेत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदवीच्या अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. मोठ्या, हुशार विद्यार्थ्यांची ही स्थिती असेल, तर सातवीतला मुलगा ‘झालंच माझं, दोन मिनिटं’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला ते मनापासून खरे वाटत असते. उपाय एवढाच की पुढचा अंदाज मनाने न करता वहीतल्या मागच्या नोंदींवरून करायचा. तीन-चार आठवड्यांत मुले आपसूक अंदाज वाढवू लागतात, आणि दुसरा व तिसरा रकाना जवळ येत चालल्याचा त्यांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

अंदाज सुधारला की मागे मोजायला शिकवावे. व्हॅन ६:३५ ला येते, तर ६:३० ला जिना उतरलेला असला पाहिजे. रात्रीची कामे रात्री उरकली तर आवरायला साधारण ३५ मिनिटे पुरतात, आणि पाच-दहा मिनिटे हाताशी राखून ठेवावीत, म्हणजे उठायचे पावणेसहाला. हा हिशोब आपण करून देऊ नये, कागद त्याच्यापुढे ठेवावा. आणि तिथे थांबू नये, आणखी एक पायरी मागे जावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राविकारतज्ज्ञ सांगतात. पावणेसहातून नऊ तास वजा केले की पावणेनऊ येतात. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातून वडील आठ-साडेआठला घरी येतात, त्यानंतर सगळे मिळून जेवतात आणि मग टीव्ही किंवा मोबाइल सुरू होतो, अशा घरात मूल पावणेनऊला कसे झोपेल? सकाळच्या भांडणाचे मूळ बहुतेक घरांत या प्रश्नात असते. मुलाचे जेवण साडेसातला वेगळे वाढावे, की वडिलांबरोबरच्या जेवणासाठी झोप अर्ध्या तासाने पुढे ढकलावी, हे प्रत्येक घराने आपापले ठरवावे. रोज सोबत जेवण्याचे मोलही मी कमी मानत नाही. पण हा निर्णय मोठ्यांचा आहे आणि त्याचा भुर्दंड सकाळी मुलाच्या माथी मारला जाऊ नये.

आपल्या नाशिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, आणि नाशिक त्याच्या बरेच पश्चिमेला, ७३.८ अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशोबाने आपल्याकडचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे असतो. जूनच्या आरंभी सहाच्या आधी उजाडते खरे, पण जानेवारीत सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतो. म्हणजे थंडीत सातच्या शाळेला निघालेले मूल काळोखात उठते, काळोखात अंघोळ करते आणि पहिली घंटा सूर्य उगवण्यापूर्वी ऐकते. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात तर कडाक्याच्या थंडीत हे फारच अवघड होते. त्यात वयात येणाऱ्या मुलांची झोपेची नैसर्गिक वेळ पुढे सरकते, त्यांना रात्री लवकर झोप येतच नाही, हे संशोधनाने चांगले प्रस्थापित झाले आहे, आणि त्याच आधारावर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला. तो योग्यच होता, पण माझ्या मते त्याची गरज आठवी-नववीच्या मुलांना अधिक आहे. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांच्या इमारतींची अडचण मी जवळून पाहिली आहे, तरीही हा विचार पालक सभेत मांडत राहिला पाहिजे. तोवर करता येण्यासारखे दोन उपाय आहेत. संध्याकाळनंतर मोबाइल मुलाच्या खोलीत ठेवू नये, आणि उठल्यावर खोलीत लख्ख दिवा लावावा. थंडीच्या दोन महिन्यांत उठण्याची वेळ दहा मिनिटांनी अलीकडे घेतली, तर तेही वहीत लिहून आधी ठरवावे, गजर लावून अचानक लादू नये.

रात्रीच्या तयारीविषयी एक साधी युक्ती. ‘रात्री दप्तर भरत जा’ असे सांगून काम होत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवले आहे की, अमुक घडले की लगेच तमुक करायचे असा जोड आधी पक्का केला, तर ठरवलेले काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून ‘ताट उचलून मोरीत ठेवले की तसेच दप्तरापाशी जायचे’ असा जोड घालावा. दप्तर, गणवेश, बूट-मोजे आणि ओळखपत्र दाराजवळच्या एकाच खुर्चीवर ठेवावे, आणि सही घ्यायचे कागद त्याच वेळी आणून द्यावेत. ‘सकाळी सही मिळणार नाही’ हा नियम आपण शांतपणे पाळला, तर आठवड्याभरात तो मुलाकडूनही पाळला जातो.

आता दंडाविषयी. माझे उत्तर ठाम नकार आहे. इस्राएलमधील हैफा शहरात पाळणाघरांतून मुलांना नेण्यास पालक उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांत दहा मिनिटांहून अधिक उशिराला १० शेकेल दंड लावून पाहिला गेला. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांचा तो अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दंड सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी जवळपास दुप्पट झाली, आणि दंड मागे घेतल्यावरही ती खाली आली नाही. पूर्वी पालकांना ताटकळत बसलेल्या बाईंची चाड वाटत होती. दंड आल्यावर त्यांना तो उशिराचा दर वाटू लागला, आणि दर भरला की संकोच कशाला? क्लासमध्ये दहा रुपये घेतले तर नेमके हेच होईल. ज्याच्या खिशात दहा रुपये आहेत तो निश्चिंतपणे उशिरा येईल, आणि ज्याच्याकडे नाहीत तो त्या दिवशी येणारच नाही. फाटकाबाहेर उभे करणे, सर्वांसमोर उठाबशा काढायला लावणे, ‘लेट लतीफ’ म्हणून हसे करणे हेही तितकेच निषिद्ध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बालकाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराच्या दृष्टीने पाहा: पाच मिनिटे उशीर झालेल्या मुलाला पूर्ण तासिका बाहेर उभे केले तर पाच मिनिटांचे नुकसान आपण पस्तीस मिनिटांवर नेतो.

मग क्लासमध्ये काय करावे? पाच म्हणजे पाचला सुरुवात करावी. समोर दोनच मुले असली तरी करावी. पहिल्या आठ-दहा मिनिटांत त्या दिवसाचे सर्वांत मोलाचे काम ठेवावे. काल अडलेले उदाहरण उलगडून दाखवावे, किंवा बोर्डाच्या परीक्षेला नेमके चुकते ते सांगावे. उशिरा येणाऱ्याने गुपचूप आत येऊन बसावे, त्याला कारण विचारू नये, त्याच्यासाठी पुन्हा सांगू नये, आणि त्याने तास संपल्यावर वही मागितली तर ती मित्राकडून घेऊ द्यावी. वेळेवर आलेल्या मुलांना ‘जरा थांबू या, अजून मुलं यायची आहेत’ असे सांगून बसवून ठेवणे म्हणजे वेळ पाळल्याबद्दल त्यांनाच शिक्षा करणे आहे. तीन-चार दिवस असे थांबावे लागले की तीही सव्वापाचला येऊ लागतात, आणि यात त्यांचा दोष काढता येणार नाही. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: वर्ग कधी भरतो हे मुले वेळापत्रकावरून ठरवत नाहीत, काल प्रत्यक्ष कधी सुरू झाला यावरून ठरवतात.

तास संपवण्याची वेळही तितक्याच कसोशीने पाळावी. पुष्कळ तळमळीचे शिक्षक वीस-पंचवीस मिनिटे जास्त शिकवतात आणि त्याला मेहनत मानतात. पण खाली स्कूटरवर पालक खोळंबलेले असतात, त्या मुलाचा विज्ञानाचा दुसरा क्लास इंदिरानगरला सात वाजता असतो आणि तिथे त्याला उशिराबद्दल बोलणी बसतात. दुसऱ्याच्या वेळेला आपण किंमत देत नाही, हा धडा त्याला त्या क्षणी आपल्याकडूनच मिळत असतो.

मोठ्यांच्या वागण्याविषयी एवढ्यावर थांबणे मला योग्य वाटत नाही. लग्नाच्या पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा छापलेला असतो. मिनिटापर्यंत काढलेला तो मुहूर्त वरातीच्या नाचात टळतो आणि अक्षता दीडला पडतात. मूल नव्या कपड्यांत उपाशी बसून हे पाहत असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाच वाजताचा कार्यक्रम प्रमुख पाहुण्यांसाठी साडेसहापर्यंत थांबतो, तोवर चार वाजल्यापासून रंगरंगोटी करून तयार बसलेल्या बालवर्गातल्या मुली पेंगू लागतात. अशा कार्यक्रमात पाहुण्यांनी वक्तशीरपणावर चार शब्द बोलले तर मुलांनी त्यातून काय घ्यावे? मी मुख्याध्यापक झाल्यावर संमेलनाच्या निमंत्रणात ‘कार्यक्रम ठरलेल्या वेळी सुरू होईल, पाहुणे आल्यावर त्यांचे स्वागत मध्यंतरात होईल’ अशी ओळ घालण्याचा आग्रह धरला. सुरुवातीला काहींना ते रुचले नाही, पण पाहुणे त्यामुळे रागावले नाहीत, उलट वेळेवर येऊ लागले.

वेळ काटेकोर पाळणारी माणसेही मुलाच्या आसपास पुष्कळ असतात, फक्त ती त्याच्या नजरेस आणून द्यावी लागतात. नाशिकरोडहून रोज सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारे पासधारक आहेत. १९७५ पासून धावणाऱ्या या गाडीभोवती कित्येक घरांचा दिवस आखला गेला आहे, आणि घरात आजारपण असो की पाऊस, ती माणसे फलाटावर गाडीच्या आधी असतात. पहाटे दूध घालणारे, काकड आरतीला देऊळ उघडणारे गुरव, पहिल्या पाळीला जाणारे कामगार यांना मुलाने प्रत्यक्ष विचारावे की ते कधी झोपतात, काय तयारी करतात आणि एखाद्या दिवशी उशीर झाला तर पुढे काय होते. दिंडोरी-निफाडकडच्या शाळांत मी शिक्षकांना नेहमी सुचवतो की द्राक्षबागेपासून सुरुवात करा. तिथल्या मुलांना प्लॉटची छाटणी होऊन कितवा दिवस आहे हे तोंडपाठ असते. मण्यांचा ठरलेला आकार आला की डिपिंग, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे, त्या दोन-चार दिवसांतच उरकावे लागते आणि पुढे ढकलले तर मालाला फटका बसतो, हे त्यांनी घरात पाहिलेले असते. ज्या मुलाला हे कळते त्याला वेळेचे भान नाही असे म्हणता येत नाही. त्याला ते शाळेच्या वेळेशी जोडून दाखवणे एवढेच शिक्षकाचे काम उरते.

मात्र ज्या उशिरावर मुलाचा ताबाच नाही त्याबद्दल त्याला कधीही बोलू नये. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांची एकच मुक्कामी एसटी असते, ती चुकली किंवा बंद पडली तर दुसरी गाडी केव्हा येईल याचा भरवसा नसतो. शहरात द्वारका चौकातली कोंडी अनुभवलेल्या कोणालाही सिटी बसच्या उशिराचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. अशा मुलाचे नाव उशिराच्या यादीत घालणारा वर्गशिक्षक त्याला वेळेचे मोल शिकवत नाही, अन्याय शिकवतो. वर्षभर वेळेवर येणारे मूल एकाएकी उशिरा येऊ लागले, तर तिथेही आधी कारण शोधावे. पहिल्या तासाच्या शिक्षकांची भीती, व्हॅनमध्ये कोणी देत असलेला त्रास, न झालेला गृहपाठ किंवा घरातले भांडण यांपैकी काहीतरी पुष्कळदा निघते. आणि वही, क्रम, झोप हे सगळे नीट करूनही एखाद्या मुलाला वेळेचा अंदाज अजिबात येत नसेल, कामे अर्धवट सुटत असतील, वस्तू सतत हरवत असतील, तर बालविकासतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अवधान टिकवण्याची अडचण असलेल्या मुलांना कालावधीचा अंदाज येणे खरोखरच कठीण जाते आणि त्यांना योग्य मदत मिळाली तर फरक पडतो.

आपल्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी हाच विषय परीक्षेकडे वळवता येतो. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा, तिथे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी सुरुवातीला मिळणारी दहा मिनिटे २०२३ पासून पेपरच्या शेवटी दिली जातात, ती धरून बसू नये, हेही सांगावे. सरावाच्या वेळी प्रत्येक प्रश्नापुढे विद्यार्थ्याने अंदाज आणि प्रत्यक्ष मिनिटे लिहावीत. सातवीत जी वही दप्तरासाठी वापरायची तीच इथे प्रमेयासाठी वापरायची. पुढे नीटची परीक्षा द्यायची असेल, तर दोन वाजताच्या पेपरला केंद्राचे दार दीड वाजता बंद होते आणि त्यानंतर कोणालाही आत घेत नाहीत, हे आत्ताच ठाऊक असू द्यावे. केवळ भीती घालण्यासाठी हे सांगू नये. आदल्या दिवशी केंद्र पाहून येणे, रस्त्याला लागणारी मिनिटे मोजणे आणि त्यात कोंडीची भर घालणे ही कामे विद्यार्थ्याने स्वतः करावीत, वडिलांवर सोपवू नयेत.

आता पुन्हा आपल्या मुलाच्या व्हॅनविषयी, कारण आपण जे पटवून द्यायचे म्हणता ते मला तिथेच दिसते. एखाद्या रविवारी मुलाला घेऊन काकांना भेटा आणि त्यांचा सकाळचा मार्ग त्याला कागदावर उतरवून घेऊ द्या. पहिले मूल कुठून, किती वाजता घेतात, पवननगरला कोण, त्रिमूर्ती चौकात कोण, शाळेतून परतल्यावर दुसऱ्या फेरीची मुले कधी घ्यायची असतात, हे सगळे त्याने विचारावे. आपल्या दारात व्हॅन सात मिनिटे उभी राहिली की पुढच्या वळणावर थंडीत उभी असलेली पाचवीतली मुलगीही सात मिनिटे उभी राहते, हे त्या कागदावर त्याला दिसेल. उशीर आपल्यामुळे झाला तर व्हॅनमध्ये चढताना ‘माझ्यामुळे थांबावं लागलं, माफ करा’ एवढे म्हणायचे, कारणे सांगायची नाहीत, असे त्याच्याशी ठरवावे. आपल्यासाठी कोणीतरी थांबलेले असते ही जाणीव झाल्याशिवाय वेळ पाळण्याला मूल्य म्हणता येत नाही, तोवर ती निव्वळ सवय असते.

त्यानंतर काकांशी बोलून नियम ठरवा: एक हॉर्न, दोन मिनिटे, मग व्हॅन निघेल. व्हॅन चुकली तर त्या दिवशी स्कूटरवरून वाऱ्याच्या वेगाने सोडायला जाऊ नये. तशा घाईत अपघाताचा धोका असतो आणि आपल्या चुकीची भरपाई नेहमी दुसरे कोणीतरी करते असेही मूल शिकते. घरातल्या मोठ्या माणसाने सोबत जाऊन त्याला सिटी बसने शाळेत पोहोचवावे, बुडालेल्या तासाबद्दल वर्गशिक्षकांशी त्याने स्वतः बोलावे आणि आपण वाटेत उपदेश करू नये. हे सुरू करण्यापूर्वी घरातल्या सर्वांचे, विशेषतः आजी-आजोबांचे, एकमत करून घ्या. नातवाचे दप्तर रात्री गुपचूप भरून ठेवणारी आजी घरोघरी असते आणि तिच्या मायेत काही वावगे नाही, पण एका महिन्यापुरते तिने दप्तराला हात न लावता त्याच्या शेजारी नुसते बसावे, एवढी विनंती तिला आपणच समजावून करायला हवी.